उकललेल्या कातडीचा नमुना

चिखला, खाणीची वस्ती
ता. १४ सप्टेंबर १९८६

ती. निर्मलाबाईस,
धाकट्या बहिणीचा, चंदाचा पायावर माथा.

बाई, मी बरी आहो. शकुबाईच्या झोपडीतच राहून राहिली. शकुबाई म्हणजे आपल्याले मंडईच्या जत्रेत गोंदून देणारी तीच म्हातारी. आता तिच्या डोळ्यांत मोती उतरला, म्हणून गोंदायचं काम मीच पाहते. तिनं नागपूरहून गोंदायची मशीन आणली. चार सेल टाकले की सुई आपोआप खालीवर होते आणि भुंग्यासारखी गुणगुणते. हातानं टोचायले जिथं अर्धा दिवस लागे, तिथं आता तासभर पुरते.

एक काम आहे तुह्याकडे. इथले खाणीतले पोट्टे तुमसरले जाऊन व्हिडिओवर एक विलायती सिनेमा पाहून आले. त्यात म्हणे माणसाच्या कातडीखाली मशीन असते, डोळ्याच्या जागी बल्ब असते. तेव्हापासून कोणाले मारुती नको, बिच्चू नको. म्हणतात, अर्धा माणूस न् अर्धी मशीन काढून दे. मले कोठून येते मशीन? भाऊजींच्या दुकानात रेडिओ दुरुस्तीची पुस्तकं आहेत, तारांच्या नकाशांची. तू मॅट्रिक झाली, तुहा हात सरळ चालते. पाच-सहा नमुने काढून धाड.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असं चार दिवस करून राहिली. हिरालाल, खाणीचा वायरमन, दोन ओळी सोडून आमच्या त्याच क्वार्टरमध्ये राहते, रत्नाबाई नावाच्या बाईसंगं. ते तुले माहीत आहे. मी त्याच्या दारात गेली. म्हटलं, "मले तुह्या घरात यायचं नाही. पंचासमोर चल, गवताची काडी मोडून नातं तोडू, आणि मले मोकळी कर." तर तो ओट्यावर बसून दात कोरत म्हणाला, "काडी बायकोची मोडतात. तू कोण?"

चहाच्या टपरीवर सांगते, चंदा घरकामाले ठेवली होती, काम झालं, काढून टाकली.

बाई, मले त्याचं काही नाही पाहिजे. मले माह्या हातानं काडी मोडायची आहे, सगळ्यायच्या समोर. पण आधी बायको ठरल्याशिवाय काडी मोडता येत नाही. माह्या दुसरेपणी आमचा पाट लागला तेव्हा साक्षीले केवळराममामा होते न् त्यांचे मित्र टिकाराम होते. दोघंही गेले. आता कोण सांगन?

तुही,
चंदा


लाखनी
ता. २२ सप्टेंबर १९८६

चि. चंदास आशीर्वाद.

तुझं पत्र देवघरात बसून वाचलं आणि वाचून झाल्यावर दिवा न लावताच उठले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. पितृपक्ष चालू आहे. परवा केवळराममामांचं पान ठेवलं. कावळा लवकर शिवला नाही. मी मनात म्हटलं, मामा, मला कळलं तुम्हाला काय हवं आहे. मग शिवला.

आता माझं ऐक. तुझ्या पाटाच्या दिवशी मी मामांच्याच घरात होते. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसले होते. विधवेचा पाट सवाष्णीने पाहू नये, हे आईनं लहानपणापासून कानात भरलेलं. मी सगळं ऐकलं. मामा म्हणाले, "हो म्हण." तो "हो" म्हणाला, दोनदा म्हणाला. पण मी पाहिलं नाही. उद्या तुलारामजी पंच विचारतील, "बाई, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं काय?" तर मी देवाची शपथ घेऊन हो म्हणू शकत नाही. तो भामटा आपल्या जिवावर नाही, माझ्या सोवळ्याच्या जिवावर उड्या मारतो आहे. तांदळातले खडे वेचत होते गं मी. मान वळवायला कितीसा वेळ लागला असता?

पण एक गोष्ट तो विसरला, की विसरल्याचं सोंग करतो. आपल्या समाजात पाट लागला की पाचव्या दिवसाच्या आत नवऱ्यानं हातावर बाईचं नाव आणि तिच्या माहेरचं गाव गोंदून घ्यायचं, तेव्हाच पंच त्याच्या घरी जेवतात. पाटाच्या बाईला दुसरा कागद नसतो, तोच कागद. त्याच्या उजव्या हातावर शकुबाईनं सुयांनी टोचलेलं "चंद्रकांता, लाखांदूर" आहे. मी त्या पंगतीत वाढलं आहे, तो हात पुढे करून कढी मागताना पाहिला आहे. पंचांकडे अर्ज दे. तुलारामजी लाखनीचेच, त्यांच्या ट्रकच्या बॅटऱ्या आमच्याकडे चार्जिंगला येतात. मी त्यांच्या घरी बोलते.

नमुने धाडते. दुकानाच्या हिशेबवहीची मागची कोरी पानं होती, ती फाडून घेतली. तांबड्या रेघा आहेत त्यावर, त्याकडे पाहू नकोस. यांची रेडिओची पुस्तकं दुपारी हे जेवून झोपले की काढते. पहिल्यांदा वाटलं, हे काय अभद्र! माणसाचं शरीर देवानं दिलं, त्यात तारा कशाला? मग काढत गेले तसा हात चालू लागला.

पहिला नमुना मनगटाचा. मनगटाला प्लगच्या दोन पिना आणि तिथून वायर शिरेवरून चढत कोपरापर्यंत. शीर जिथे वळते तिथेच वायर वळव. दुसरा छातीचा. काळजाच्या जागी गोल मीटर, काच, आत थरथरणारी सुई. तिसरा कोपराचा, हाड उघडं आणि त्याला दाते, सायकलच्या चेनच्या चाकासारखे. चौथा मानेवर, गळ्यात जाळीचा स्पीकर. पाचवा पाठीचा. कणा म्हणजे विजेचा खांब, मणक्या-मणक्यावर चिनी मातीच्या वाट्या आणि दोन्ही खांद्यांकडे जाणाऱ्या तारा.

सहावा माझा स्वतःचा. खांब काढला तेव्हा नरसिंह आठवला. तोही अर्धा हा, अर्धा तो. म्हणून लोखंडी खांब उकलून बाहेर येणारा नरसिंह काढला आहे. आयाळ तांब्याच्या तारांची, नखं पकडीसारखी. मांडीवर राक्षस आहे. त्याचं तोंड मी कोणाच्या तोंडावरून काढलं ते तुला ओळखू येईल. हा नमुना कमरेखाली कोणालाही काढून द्यायचा नाही, आणि गोंदवून घेणाऱ्यानं आधी आंघोळ करून यायची.

तुझी,
बाई


चिखला
ता. १४ ऑक्टोबर १९८६

ती. बाईस,
चंदाचा नमस्कार. दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं, चुरलं असन.

तुह्या नमुन्यायनं इथं धूम केली. पगाराच्या दिवशी झोपडीपुढं रांग लागली होती. मनगटाचा प्लग अकरा जणायनं घेतला. एका लोडरनं छातीवर मीटर काढून घेतलं तर त्याची बायको सगळ्यायसमोर म्हणाली, "सुई मात्र शून्यावरच ठेव वं बाई, त्याच्यावर कधी चढतच नाही." लोकं लोटपोट. नरसिंह तिघायनं घेतला. तिघंही आंघोळ करून आले. राक्षसाचं तोंड पाहून शकुबाईले विचारलं, "आजी, ओळख पाहू कोण?" तिनं कागद डोळ्याले लावला न् म्हणाली, "मिशी तर वायरमनची दिसून राहिली." बाई, मी खूप दिवसायनं हसली.

आता ऐक. अर्ज दिला. पंचायनं तीस नोव्हेंबरचा रविवार ठरवला. हिरालालले कळलं. तेव्हापासून तो भर उन्हातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून फिरते. आणि काल तो झोपडीत आला.

रांगेत चार-पाच पोट्टे होते. तो तुहे नमुने उलटून-पालटून पाहत होता. बिजलीचं काम जाणते ना. म्हणाला, "हे कोणाच्या डोक्यातून निघालं? कनेक्शन अगदी बरोबर आहे." मी सुई पुसत राहिली. मग त्यानं बाही वर केली, फक्त मले दिसन इतकीच, आणि मोठ्यानं म्हणाला, "माह्या हातावर एक डाग आहे. त्याच्यावर असा एखादा मशीनचा नमुना काढून दे. डाग दिसला नाही पाहिजे. पैसे रोख." वाकून हळूच बोलला, "तुह्यासाठी टोचून घेतलं होतं. आता तूच बुजव."

पोट्टे हसले. त्यायले काय माहीत डाग म्हणजे काय.

मी म्हटलं, मशीन बिघडली, दिवाळीनंतर ये. बाई, नाही म्हटलं तर तो नागपूरले जाईन. तिथं अशा मशिनी खूप आहेत. हो म्हटलं तर माह्या हातानं माही साक्ष गेली. काय करू, लवकर लिही.

चंदा


लाखनी
ता. २१ ऑक्टोबर १९८६

चि. चंदास आशीर्वाद.

हो म्हण.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून काकडआरतीला जाते पण तोंडानं अभंग आणि डोळ्यांपुढे तो हात. डाग म्हणाला काय? डाग? आपल्या आईबापानं ठेवलेल्या नावाला? मी त्याला इतकं मऊ समजत होते की पंचासमोर उभा राहिला की लाजेल. लाजणाऱ्याला आपण लाजवू शकतो. ह्याला मढवायला पाहिजे.

सोबतचा कागद नीट बघ. याला मी उकललेल्या कातडीचा नमुना म्हणते. हातावरची कातडी जणू पोत्यासारखी उसवली आहे. चारी बाजूंनी तिच्या कडा बाहेर वळल्या आहेत, कडांची सावली काढली आहे. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, त्यांचे माथे चिरलेले. आणि आत तारांचा गुंता, कॉइल, कंडेन्सर, सगळं काळं भरलेलं. त्याला हा पुरा कागद दाखव. तो खूश होईल. एवढं काळं पाहिलं की त्याला वाटेल, आता सात जन्म अक्षर दिसत नाही.

पण काम कसं करायचं ते ऐक. मागे तूच लिहिलं होतंस की मोठा नमुना असला तर शकुबाई दोन बैठका घेते. पहिल्या बैठकीत बाहेरची रेघ आणि कडा. खपली धरून पडली की पंधरा दिवसांनी आतलं काळं. एकाच दिवशी सगळं भरलं तर हात सुजतो. हा तुमचा नेमच आहे, यात खोटं काही नाही. मला खोटं नको. तर पहिल्या बैठकीत फक्त उसवलेल्या कडा काढ आणि चार स्क्रू. मापानं काढ. वरची कड नावाच्या वर दोन बोटं, खालची गावाच्या खाली दोन बोटं. आत सुई लावायची नाही. एक ठिपकासुद्धा नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या बैठकीच्या मध्ये पंच बसले पाहिजेत. ते माझ्याकडे लागलं. तारखेचा विषय त्याच्यापुढे काढू नकोस.

कडांची सावली बरोबर उतरते की नाही ते मी काजळानं माझ्याच हातावर काढून पाहिलं. हे नेमके चहा मागायला आत आले. "हातावर हे काय काढलं? भाजलं काय?" मी म्हटलं, "कार्तिकाचं व्रत आहे." हे बिचारे पाया पडायच्या बेतात होते. मी एवढं एक खोटं बोलले. एकादशीला पाणीसुद्धा न घेता भरून काढीन.

तुझी,
बाई


चिखला
ता. १० नोव्हेंबर १९८६

ती. बाईस,

काल रविवार होता, त्याची सुट्टी. तो आला. नमुना पाहून हात पुढं करून बसला. म्हणाला, "याले म्हणतात काम! आता मी खरा वायरमन दिसन."

बाई, सात वर्षांनी तो हात माह्या मांडीवर होता. अक्षरं हिरवी पडली आहेत, पण एकही पुसलं नाही. मशीन सुरू केली, पुन्हा बंद केली न् सुई पुसली. त्यानं पाहिलं. म्हणाला, "घाबरते काय? मंडईत टोचून घेताना तू रडली होती. मी नाही रडलो." मी म्हटलं, "गोंदताना बोलू नये, रेघ हालते."

वरची कड काढली, खालची काढली. दोन्ही बाजू उसवल्या. स्क्रू काढताना तो दात खाऊन बसला. चौथ्या स्क्रूले "माय वं" म्हणाला. मी ऐकलं नाही असं केलं.

मग म्हणाला, "आतलं भर ना आता. थांबली काहून?" शकुबाई कोपऱ्यात सुपारी कातरत होती, तिथूनच ओरडली, "ताज्या जखमेत काळं ओतलं तर हात सडते रे बावा! खंबा चढता येणार नाही मंग. खपली पडू दे. पंधरा दिवस." त्यानं बोटांवर मोजलं. म्हणाला, "चोवीस तारीख. चालते. तीसच्या आत झालं पाहिजे." मी मान हालवली.

हे सगळं तुह्या मनासारखं झालं. आता जे लिहिते ते वाचून रागावू नको. जाता जाता तो दारात थांबला. आवाज खाली करून म्हणाला, "चंदा, अर्ज वापस घे. चोवीस तारखेले हे बुजव. मी टपरीवर तुह्याबद्दल बोलणं बंद करतो. लोकं विसरतात. तूही दुसरं घर पाहा."

बाई, मी थकली. रोज पाण्याले गेली की बाया कुजबुजतात. बोलणं बंद झालं तर तेवढंच पुष्कळ, असं रात्री वाटलं. पंचासमोर उभं राहून सगळ्यायनं माह्याकडे पाहायचं, त्याचा हात पाहायचा. नाही झालं तर? भरून टाकू काय आतलं? तू सांगशील तसं.

चंदा


लाखनी
ता. १२ नोव्हेंबर १९८६

चंदा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुलारामजींचा ट्रक तुमच्या बाजूला मँगनीज भरायला जातो आहे, त्याच्या ड्रायव्हरच्या हाती देते. तो तुझ्याच हातात देईल, दुसऱ्या कोणाच्या नाही.

आतलं भरायचं नाही.

तो बोलणं बंद करतो म्हणतो. म्हणजे आजवर बोललेलं खरं होतं, हे तू कबूल करायचं, आणि त्यानं उपकार म्हणून तोंड मिटायचं. लोक विसरतात म्हणे. कशाला विसरतील? तू चाळीस वर्षं जगशील. प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला कोणीतरी हळूच म्हणेल, ती ठेवलेली. माझ्या घरी आलीस तरी म्हणतील. तू थकलीस ते मला कळतं. पण थकून पाय पसरायचे तर त्याच्या छाताडावर पसर.

तारखेचं झालं. पंचांपैकी चौघेजण तसेही कार्तिक पौर्णिमेला तुमच्या शेजारच्या गावच्या मंडईला येणार आहेत, दंडारीचा खेळ पाहायला. मी तुलारामजींच्या घरी गेले. त्यांना म्हटलं, "तीस तारखेला पुन्हा सगळ्यांनी भाड्याची गाडी करून जायचं, त्यापेक्षा मंडईतच बसा ना. एकाच खर्चात दोन्ही कामं." त्यांना ते एकदम पटलं. म्हणाले, "निर्मलाबाई, तुम्ही आमच्या समाजाच्या खजिनदार पाहिजे होत्या." तर रविवार, सोळा तारीख. त्याला निरोप शनिवारी संध्याकाळी मिळेल. रविवारी सकाळी नागपूरची एसटी धरून काही उपयोग नाही.

मी येते आहे. या वेळी भिंतीकडे तोंड करणार नाही.

बाई


लाखनी
ता. १९ नोव्हेंबर १९८६

चि. चंदास अनेक आशीर्वाद.

तू त्या दिवशी काडी मागेपर्यंत मान खाली घालून होतीस. तुला काही दिसलं नाही, म्हणून मी लिहिते. हे तुझं आहे, तुला मिळालंच पाहिजे.

मंडईच्या मैदानाच्या कडेला, मोहाखाली, पंच सतरंजीवर बसले होते. मागे दंडारीचे लोक तोंडाला रंग लावता लावता थांबून बघत होते. हिरालाल बाही मनगटापर्यंत बटण लावून आला. हातावर वरून रुमाल. तुलारामजींनी विचारलं, "ही तुझी बायको होती काय?" तो म्हणाला, "नाही जी. कामाले ठेवली होती."

मग मला विचारलं. "बाई, पाट तुम्ही पाहिला?" मी उभी राहिले. म्हटलं, "नाही पाहिला. घरात होते, पाठ करून बसले होते. ऐकला. ते माझं पाप आहे, ते मी भोगते." तेव्हा तो हसला. दात दाखवून हसला गं. आसपासच्या बायकासुद्धा हळहळल्या. मी त्याचं हसू संपेपर्यंत थांबले आणि म्हटलं, "मी पाहिलं नाही ते सोडा. समाज त्याच्याकडे जेवला होता. कशावरून जेवला, ते त्याच्या उजव्या हातावर पाहा."

तो म्हणाला, "हात भाजला आहे. पट्टी आहे." तुलारामजी म्हणाले, "पट्टी सोड."

"दुखते जी."

"हळू सोड."

रुमाल सुटला, बाही वर गेली. चंदा, तुझं काम मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. माझा कागद कुठे आणि ते कुठे! कातडी खरंच उसवल्यासारखी वाटत होती. सुजून लाल झाली होती त्यामुळे कडा आणखी वर आल्या होत्या. चारी स्क्रू घट्ट बसलेले, खपली धरलेले. आणि बरोबर मध्ये, स्वच्छ, हिरवं, एकेक काना-मात्रा दिसेल असं, "चंद्रकांता, लाखांदूर". एक म्हातारे पंच चष्मा पुसून पुढे झाले आणि म्हणाले, "अरे, यानं तर फोटोसारखं मढवून ठेवलं!"

मोहाच्या झाडावरचे पक्षी उडाले इतके लोक हसले. दंडारीतला राजा हसता हसता मुकुट धरून खाली बसला.

आणि तेव्हा तो ओरडला, तू ऐकलंस ना? "अजून पूर्ण नाही झालं! दुसरी बैठक बाकी आहे!" तुलारामजी शांतपणे म्हणाले, "काय बाकी आहे बाबू? बायको तर पूर्ण दिसून राहिली."

त्याचा चेहरा सांगते. आधी कानशिलं लाल झाली. मग ओठ पांढरे. मग त्यानं दुसऱ्या हातानं ते झाकायला पाहिलं आणि सुजलेल्या कडेला हात लागून कळवळला. झाकताही येईना. तो हात असा अंगापासून दूर धरून उभा राहिला, जसं दुसऱ्याचं ताट धरतात. मी डोळे मिटले नाहीत. पापणीही हलू दिली नाही. सात वर्षांपूर्वी जे पाहायचं राहिलं ते सगळं पाहून घेतलं.

"बायको ठरली, घरी ने," असं जेव्हा पंच म्हणाले, तेव्हा त्याच्या तोंडावर पुन्हा थोडी जान आली. त्याला वाटलं असेल, घरी नेऊन बघून घेईन. तू उठलीस आणि म्हणालीस, "मले काडी द्या." धानाच्या पेंढीतली कोणीतरी दिली. तुलारामजी म्हणाले, "नवरा मोडत असते." तू म्हणालीस, "त्याचा हात दुखून राहिला जी." हे तू ठरवून बोललीस की आपोआप निघालं? मला सांग कधीतरी.

तू मोडलीस. मग दोन्ही तुकडे जुळवून पुन्हा मोडलेस. "एकदाच मोडायची असते," ते म्हणाले. तू म्हणालीस, "एक माही. एक त्यानं म्हटलेल्या कामवालीची."

घरी येऊन देवापुढे बसले. क्षमा मागावी असं काही आठवेना. शेवटी प्रसादाचा शिरा जास्त गोड केला आणि उठले.

तुझी,
बाई


चिखला
ता. २१ डिसेंबर १९८६

ती. बाईस,
चंदाचा नमस्कार.

आता पाण्याले गेली की बाया जागा देतात. कोणी नाव घेऊन हाक मारली की पूर्ण मारतात, "चंद्रकांता लाखांदूर" म्हणून, आणि हसतात. मीही हसते.

तो चोवीस तारखेले आलाच होता. शकुबाईनं बसल्या जागेवरून सांगितलं, "पंचायनं वाचलेल्या नावावर आम्ही काळं ओतत नाही." मग नागपूरले गेला. तिथल्या गोंदणवाल्यानं सांगितलं, कातडी फुगून आली, वर्षभर सुई लावता येणार नाही. वर्षानंही गाठ राहिली तर कधीच नाही. खाणीत त्याले आता कोणी हिरालाल म्हणत नाही. फोटोफ्रेम म्हणतात. तो खांबावर चढला की खालून ओरडतात, "ए फ्रेम, खिळा हालला पाहा!"

परवा दुपारी रत्नाबाई आली. मी समजली, भांडायले आली. तिनं चपला बाहेर काढल्या, बसली, पाणी मागितलं. मग म्हणाली, "बाईनं काडी मोडली तर चालते काय?"

मी म्हटलं, "चालते. पण आधी बायको ठरावं लागते. तुहा पाट कोणी पाहिला?"

ती म्हणाली, "पाट लावलाच नाही. म्हणे, काय गरज आहे. घरी आणून ठेवली." पाण्याचं भांडं खाली ठेवून म्हणाली, "त्या दिवशी मोहाच्या मागं मी उभी होती. तो कामाले ठेवली होती म्हणाला ना, ते मी माह्या कानानं ऐकलं. उद्या मलेही तेच म्हणन."

बाई, मले तिचा राग यायचा. खरं सांगते, आला नाही. तिच्या हातात बांगड्यासुद्धा माह्याच आहेत, त्या पाहूनही आला नाही.

तिनं त्याले सांगितलं आहे, पंचासमोर पाट लाव न् डाव्या हातावर माहं नाव न् माहं गाव टोचून घे, नाही तर मी माहेरी चालली. तो राजी झाला. त्याचंही गणित आहे. तो म्हणते, दोन्ही हातांवर नावं असली तर लोकं म्हणतील, वायरमन शौकीन आहे, आणि हसणं बंद होईन. गोंदायले माह्याकडेच येणार. दुसरीकडे कोणी आता त्याच्या हाताले हात लावत नाही.

पंधरा जानेवारीले पाट आहे. आता तू सांग. डाव्या हातासाठी कोणता नमुना काढू? तारांचा, की चाकांचा? काही नवा असन तर धाड.

चंदा


लाखनी
ता. २७ डिसेंबर १९८६

चि. चंदास आशीर्वाद.

पाटाला मी येते. त्या बाईला सांग, मामी-मावशी कोणी नसेल तर मी समोर बसेन, सवाष्ण असले तरी बसेन. पंचांना विचारलं तर पाहिलं म्हणून सांगणारी एक जिवंत बाई तिच्याकडे असेल.

नमुना धाडत नाही. तिथे तारा नकोत, चाकं नकोत. नुसतं नाव आणि गाव. रत्नाबाई, आणि खाली गाव, तिला विचारून नीट लिही. अक्षरं मोठी काढ. दंडापासून मनगटापर्यंत पुरली पाहिजेत, मग अर्ध्या बाहीचा सदरा असो की पूर्ण बाहीचा, कुठून तरी दिसेलच.

आणि चंदा, मशीन लावू नकोस. शकुबाईच्या त्या जुन्या सुया असतील ना कुठे डब्यात, त्या काढ. दगडावर घासून घे, पण फार धार नको. काजळी कालवून हातानं टोच, एकेक ठिपका. सकाळी बसव.

मशीन फार लवकर आटपते.

तुझी,
बाई